पाचव्या महिन्यातील धास्ती, नवव्या महिन्यातील दुर्लक्ष : पोटातील बाळाची स्थिती नेमकी कधी पाहायची?

जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याला मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लावून घ्यायची, त्याला जमिनीखालचे पाणी दिसते, वीज त्याच्याकडे ओढली जाते, असे कितीतरी समज खेड्यापाड्यांत आजही ऐकू येतात. दवाखाने नव्हते त्या काळी पायाळू बाळ आणि त्याची आई दोघेही सुखरूप राहणे हीच नवलाची गोष्ट होती. कदाचित म्हणूनच अशा माणसाभोवती एवढ्या गोष्टी गुंफल्या गेल्या.

आता सोनोग्राफी जळगाव-धुळ्यातच नव्हे, तालुक्याच्या गावीही होते. तरीही खान्देशात या विषयात दोन उलट्या चुका शेजारीशेजारी नांदताना दिसतात. शहरात पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ हा शब्द वाचून घरदार हादरते आणि सिझरची चर्चा तेव्हाच सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर मात्र दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटाला हात लावून बाळ कसे आहे, हे अनेकदा कोणी पाहिलेलेच नसते. जिथे गरज नाही तिथे धास्ती आणि जिथे गरज आहे तिथे दुर्लक्ष, असा हा प्रकार आहे. ३६व्या आठवड्यातील एक नीट तपासणी या दोन्ही चुका बऱ्याच अंशी टाळू शकते.

बाळाची ‘स्थिती’ म्हणजे काय?

डॉक्टर किंवा नर्सबाई पोट चाचपतात तेव्हा तीन गोष्टी पाहतात. पहिली, बाळ उभे आहे की आडवे. दुसरी, खालच्या बाजूला काय आहे: डोके, ढुंगण की खांदा. तिसरी, डोके खाली असेल तर बाळाची पाठ आईच्या पोटाकडे आहे की पाठीकडे.

बाळंतपणासाठी सर्वांत सोयीची स्थिती म्हणजे डोके खाली, हनुवटी छातीला टेकलेली आणि पाठ आईच्या पोटाच्या बाजूला. अशा वेळी डोक्याचा जो भाग वाटेत येतो त्याची रुंदी साधारण ९.५ सेंटिमीटर असते. हनुवटी वर उचललेली असेल तर तेच डोके सुमारे ११.५ सेंटिमीटरची रुंदी घेऊन पुढे येते. फरक दोनच सेंटिमीटरचा, पण हाडांच्या वाटेत तो फार मोठा ठरतो.

ही वाट सरळ नळीसारखीही नसते. वरच्या तोंडाशी ती आडवी रुंद असते, खालच्या तोंडाशी पुढून मागे रुंद. म्हणून बाळाला खाली सरकताना वळावे लागते. अरुंद दारातून कपाट बाहेर काढताना आपण ते आधी तिरके करतो, मग वळवतो, तसेच हे. बाळाची सुरुवातच अडनिड्या बाजूने झाली, तर वळायला वेळ लागतो किंवा वळणे जमतच नाही. जुन्या बायका ‘बाई अडली’ म्हणायच्या, तिथे अनेकदा हेच घडलेले असायचे.

पाचव्या महिन्याचा रिपोर्ट किती मनावर घ्यायचा?

स्थितीपुरता अजिबात नाही. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी बाळाच्या अवयवांत दोष आहे का आणि वार कुठे आहे, हे पाहण्यासाठी असते. त्या वेळी बाळाला पोटात भरपूर जागा असते. सकाळी डोके वर, संध्याकाळी खाली, असे चालूच असते. २८व्या आठवड्यातही चार-पाच बाळांपैकी एक पायाळू स्थितीत सापडते. दिवस भरेपर्यंत बहुतेक बाळे आपणहून फिरतात आणि शंभरात तीन ते चारच तशी राहतात.

म्हणून पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या महिन्यातील ‘ब्रीच’ ही केवळ त्या दिवसाची नोंद असते. ते निदान नसते, आणि त्यावरून बाळंतपण कसे होणार हे ठरवता येत नाही. हे एक वाक्य रिपोर्ट हातात देतानाच सांगितले, तर कितीतरी घरांची तीन-चार महिन्यांची झोप वाचेल.

नाळेचेही तसेच. गर्भवतीने उठून बसल्याशिवाय कूस बदलू नये, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते, असे घरोघरी सांगतात. याला आधार नाही. चार-पाच बाळांपैकी एकाच्या गळ्याभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. बाळ पायाळू राहण्यामागेही आईची चूक नसते. वार खाली असणे, गर्भजल कमी-जास्त असणे, जुळे, गर्भाशयाचा आकार, गाठी, वेळेआधीचे बाळंतपण अशी कारणे असू शकतात. अनेकदा कारण सापडतही नाही.

डोके खाली आहे, तरी कळा का लांबतात?

‘डोके खाली आहे, काळजी नको’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. डोके खाली असूनही बाळाची पाठ आईच्या पाठीला लागलेली असू शकते. कळा सुरू होताना १५ ते ३० टक्के बाळे अशी असतात. या बाईला पोटापेक्षा कंबरेत जास्त दुखते, कळा लांबतात आणि जोर द्यावासा लवकर वाटू लागतो. पण यातील बहुतेक बाळे कळांच्या ओघात वळतात आणि जन्माच्या वेळी जेमतेम पाच टक्के तशी उरतात.

इथे गरज असते ती वेळ देण्याची, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्याची आणि आईला हालचाल करू देण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की पिशवीचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे ही अपेक्षा प्रत्येक बाईला लावू नये. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ संथ गतीमुळे घाईने हस्तक्षेप करू नये. कळांच्या पहिल्या टप्प्यात चालणे, उभे राहणे किंवा बसणे यामुळे तो टप्पा सरासरी तासाभराने कमी होतो, असेही अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे मात्र टेबलावर उताणे झोपवून ठेवण्याची सवय जात नाही.

नवव्या महिन्यात रोज ओणवे राहिले की बाळ सुलटे होते, असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर फिरतात. त्याने कंबरदुखीला आराम पडू शकतो. पण जन्माच्या वेळची बाळाची स्थिती त्यामुळे बदलते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही.

बाळ पायाळू म्हणजे सिझरच का?

बहुतेक ठिकाणी आज उत्तर ‘हो’ असे मिळते. त्यामागे एक मोठा अभ्यास आहे. कॅनडातून आखलेल्या आणि २६ देशांतील दोन हजारांवर महिलांचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळ दगावण्याचे किंवा गंभीर इजेचे प्रमाण १.६ टक्के होते; नैसर्गिक बाळंतपणाचे नियोजन केलेल्या गटात ५ टक्के. जगभरची पद्धत त्यानंतर झपाट्याने बदलली. पुढे दोन वर्षांनी त्यातील मुलांची तपासणी झाली, तेव्हा मृत्यू आणि वाढीतील दोष यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण तोपर्यंत पायाळू बाळ हाताने सोडवण्याचे कौशल्य नव्या डॉक्टरांच्या शिक्षणातून मागे पडले होते.

सिझर चुकीचे आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या दवाखान्यात ते कौशल्य नाही, तिथे पायाळू बाळासाठी ठरवून केलेले सिझर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र पायाळू बाळे शंभरात तीन-चारच असतात, हे विसरता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. देशाच्या पातळीवर हे प्रमाण सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. बाळ उलटे होते, हे कारण एवढ्या मोठ्या आकड्याला पुरत नाही.

आणि पहिले सिझर पहिल्या बाळंतपणापुरते राहत नाही. दुसऱ्या खेपेला गर्भाशयावर जुना व्रण असतो. जळगाव शहरात राहणाऱ्या बाईला त्यासाठी दवाखाना जवळ असतो. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील डोंगराळ पाड्यावरच्या बाईला तो व्रण घेऊन पुढची कळ कुठे सुरू होईल, हे सांगता येत नाही.

बाळ बाहेरून फिरवता येते का?

येते. ३६-३७व्या आठवड्यात प्रशिक्षित डॉक्टर आईच्या पोटावरून हातांनी बाळाला हळूहळू फिरवून डोके खाली आणू शकतात. साधारण निम्म्या वेळा यात यश येते. आधी सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांची नोंद आणि गरज पडली तर लगेच शस्त्रक्रिया करता येईल अशी सोय, या तिच्या अटी आहेत. दर २०० पैकी साधारण एका महिलेला या प्रयत्नानंतर तातडीचे सिझर लागते. रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल किंवा वार वाटेत असेल, तर हा प्रयत्न करत नाहीत.

दाईकडून पोट चोळून बाळ फिरवून घेणे म्हणजे हे नव्हे. वार कुठे आहे, जुना व्रण आहे का, बाळाचे ठोके उतरताहेत का, यातले काहीच तिथे कळत नाही. वार सुटली किंवा गर्भाशय फाटले तर दोघांच्या जिवावर बेतते.

प्रश्न असा, की बाळ फिरवून पाहण्याचा हा पर्याय किती गर्भवतींना निदान सांगितला जातो? जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि शिकणारे डॉक्टर असलेल्या अशा ठिकाणी आठवड्यातून एक दिवस ही सेवा ठरवून दिली, तर आसपासच्या तालुक्यांतून महिला पाठवता येतील. त्यासाठी नवी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही.

सर्वांत मोठा धोका कोणता?

पायाळू बाळापेक्षाही घातक ते आडवे बाळ. दिवस भरताना सुमारे ३०० पैकी एक बाळ आडवे असते. अनेक बाळंतपणे झालेल्या, पोटाचे स्नायू सैल पडलेल्या महिलांत हे जास्त दिसते. आडवे बाळ या वाटेने जन्मूच शकत नाही. पाणमोट फुटली की रिकाम्या जागेतून नाळ किंवा बाळाचा हात खाली येतो. नाळ दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. कळा तशाच चालू राहिल्या तर गर्भाशय फाटू शकते.

हे ज्ञान नवे नाही. ‘सुश्रुतसंहिते’त अशा अडलेल्या बाळाला ‘मूढगर्भ’ म्हटले आहे आणि त्याचे कील, प्रतिखुर, बीजक, परिघ असे प्रकार दिले आहेत. परिघ म्हणजे दाराचा अडसर. तसे आडवे पडलेले बाळ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेताना प्रबंधासाठी प्राचीन भारतातील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. निदान जुनेच आहे. बदलले ते एवढेच, की आज या बाईला वाचवणारी शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. अट एकच: ती वेळेत तिथे पोहोचली पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये गावांतील ७७२ महिलांची बाळंतपणे आणि त्यानंतरचे आठवडे बारकाईने नोंदवले. त्यात १०.१ टक्के महिलांच्या कळा लांबल्या होत्या आणि ४ टक्के बाळांची स्थिती चुकीची होती. म्हणजे २५ बाळंतपणांमागे एक. खेड्यातील आशाताई आणि नर्सबाईंना हा आकडा नीट समजेल, कारण २५ बाळंतपणे म्हणजे एका उपकेंद्राची काही महिन्यांची यादी.

खान्देशात शेवटची तपासणी कुठे हुकते?

सरकारी वेळापत्रकात गर्भवतीच्या किमान चार तपासण्या आहेत आणि चौथी ३६व्या आठवड्यानंतरची आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या स्थितीचा रकानाही आहे. तरीही चार तपासण्या पूर्ण होणाऱ्या महिलांचे प्रमाण २०१९-२१ मध्ये देशात सुमारे ५८ टक्केच होते. चुकते ती बहुधा शेवटची, आणि स्थितीसाठी उपयोगाची असते ती तीच.

खान्देशात याची कारणे ओळखीची आहेत. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. सासर सुरतेच्या उधना-लिंबायतला, माहेर पारोळ्याला किंवा साक्रीला. आधीच्या तपासण्या तिकडच्या, बाळंतपण इकडचे. मधल्या काळात ती कोणाच्याच यादीत नसते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील गर्भवती फडावर असते, तिथे नवव्या महिन्याची तपासणी कोण करणार? यावल, चोपडा, रावेर, शिरपूरच्या सातपुड्यातील पाड्यांवरून पावसाळ्यात बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. चोपड्याहून जळगाव किंवा शिरपूरहून धुळे ५० किलोमीटरच्या आसपास आहे, पण पाड्यापासून चोपड्या-शिरपूरपर्यंतचे अंतर कधीकधी त्याहून लांब पडते.

अशा बाईच्या बाबतीत ‘कळा सुरू झाल्यावर बघू’ हे चालत नाही. बाळ आडवे आहे हे आठवडाभर आधी कळले, तर ती दुपारच्या एसटीने येऊ शकते. रात्री पाणमोट फुटल्यावर कळले, तर तिच्याकडे मिनिटे उरतात.

मग काय व्हायला हवे?

पहिले म्हणजे ३६व्या आठवड्याची तपासणी तारखेसह ठरवून द्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात नववा महिना लागलेल्या महिलांना आधी घ्यावे आणि कार्डावरचा तो रकाना मोकळा राहू देऊ नये.

दुसरे, हाताने तपासून शंका आली की सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हावी. नुसते हात पुरत नाहीत, हेही मान्य करायला हवे. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात अनुभवी हातांनाही दहापैकी तीन चुकीच्या स्थिती कळल्या नव्हत्या. केंब्रिजमध्ये ३,८७९ पहिलटकरणींची ३६व्या आठवड्यात सोनोग्राफी केली, तेव्हा १७९ बाळे पायाळू निघाली आणि त्यातील ५५ टक्क्यांची आधी कोणाला शंकाही आली नव्हती. सगळ्यांची सोनोग्राफी आज खान्देशात शक्य नसेल. पण दूरच्या पाड्यांवरील आणि आधी सिझर झालेल्या महिलांपासून सुरुवात करता येते.

तिसरे, ३७ आठवड्यांनंतरही बाळ आडवे असेल तर कळांची वाट न पाहता आईला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी आधीच हलवावे. राज्याच्या आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघरे’ आहेत. तशी सोय सिझर होणाऱ्या उपजिल्हा रुग्णालयाशेजारी असेल, तर बाई आणि तिची सोबतीण तिथे राहू शकतील.

कर्मचारी कमी आहेत, नर्सबाईंवर नोंदींचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. पण पोट चाचपायला पाच मिनिटे लागतात. अडलेली बाई रात्री तीन दवाखाने फिरते, तेव्हा त्याच यंत्रणेचे तास जातात. खासगी डॉक्टरांचीही एक बाजू आहे. रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही, काही विपरीत घडले तर नातेवाईक अंगावर येतात. म्हणून निर्णयाची घाई होते. ही घाई कमी करायची तर नवव्या महिन्यातच घरच्यांना बसवून पर्याय समजावून सांगणे हा उपाय डॉक्टरांच्याही सोयीचा आहे.

घरच्यांनी काय विचारावे, काय करावे?

नवव्या महिन्याच्या तपासणीत चार प्रश्न विचारावेत. आज खाली डोके आहे का? नसेल तर पुन्हा कधी पाहायचे? बाळ फिरवून पाहण्याची सोय कुठे आहे? सिझर सांगितले असेल तर नेमक्या कोणत्या कारणासाठी? उत्तरे कार्डावर लिहून घ्यावीत आणि कार्ड माहेरी जाताना सोबत न्यावे.

बाळ पायाळू किंवा आडवे असल्याचे सांगितले असेल आणि घरी पाणी गेले, तर कळा नसल्या तरी लगेच निघावे. नाळ बाहेर दिसली, तर ती ओढू नये, आत ढकलू नये. आईला गुडघे आणि कोपरांवर, डोके खाली व कंबर वर असे ठेवावे आणि १०८ ला फोन लावावा. गाडीत तिला डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशी देऊन न्यावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे घरातील पुरुषांनाही माहीत असावे.

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशात ९७. राज्याची ही कमाई मोठी आहे. ती सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत न्यायची, तर शेवटच्या महिन्यात प्रत्येक पोटाला जाणत्या माणसाचा हात लागला पाहिजे. सुरुवात पुढच्या ९ तारखेलाही करता येईल.